घर नवं, नाव कुणाचं?



गणपतीआधी रत्नागिरीच्या गावागावांत जुन्या घरांची दुरुस्ती निघते. मुंबईहून पैसे येतात, जांभ्याच्या भिंतींना गिलावा होतो, सारवलेल्या जमिनीवर लाद्या बसतात. आधी ओटी-पडवी सजते. माजघरामागचं काळोखं स्वयंपाकघर ‘पुढच्या वर्षी’वर जातं. उलट कौलांखाली छत ठोकलं की फटींतून निघून जाणारा चुलीचा धूर आतच कोंडतो. खिडकी, उभ्यानं रांधायचा ओटा, घरालगत न्हाणी-संडास ही बाईची हौस नव्हे. तिच्या छातीचा, कंबरेचा प्रश्न आहे.

वस्त्यांवर फिरताना मी पाहते, पैसे कमी पडले की बाईच्या पाटल्या मोडल्या जातात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव मात्र सासऱ्याचं, नाहीतर नवऱ्याचं.

हिंदू वारसा कायद्याच्या कलम २३ मुळे पुरुष वारसांनी वाटणी करेपर्यंत मुलीला राहत्या घरात वाटा मागता येत नव्हता. ते कलम २००५ मध्ये गेलं. त्याच वर्षीच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं, घर नावावर नसलं तरी, त्यात राहण्याचा हक्क दिला. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे.

म्हणून गवंडी येण्याआधीच बोलू या. स्वयंपाकघराचं काम आधी. पाटल्या स्त्रीधन आहेत. विकल्याच तर पावती आपल्याजवळ. घरपट्टीवर दोघांची नावं लावायचा अर्ज लगेच. ही नोंद मालकीचा पुरावा नाही, पण मालकीचं बोलणं तिथून सुरू होतं. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या घराचा नमुना ८ घेऊन यावं.