एक खदान, दोन सरकारे आणि ब्रास-टनाचा घोळ

वऱ्हाडात काळ्या दगडाला तोटा नाही. अमरावती व अकोला जिल्ह्यांत गिट्टी, मुरूम, रेती आणि विटांच्या धंद्यात आपले पुष्कळ बांधव आहेत. कोणाचा क्रशर आहे, कोणाचे कर्जावर घेतलेले एकच टिप्पर, कोणी भट्टी लावतो, कोणी मिस्त्रीकाम करतो. सर्वांची तक्रार एकच, माल कमी आणि कागद जास्त.

कायद्याने पाहिले तर गोष्ट सोपी असायला हवी होती. खाणी व खनिजांचा १९५७ चा कायदा केंद्राचा. परंतु बांधकामाचा दगड, साधी माती, रेती ही गौण खनिजे, आणि त्यांचे नियम करण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या कलम १५ ने राज्याला दिला. विदर्भाचे नियम पूर्वी वेगळे होते. २०१३ मध्ये सबंध महाराष्ट्राला एकच नियमावली आली. मात्र त्याआधीच, फेब्रुवारी २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरांपेक्षा लहान खदानींनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक केली होती. ही मंजुरी केंद्राच्या कायद्याखालची. निकाल चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. पात्र ओरबाडले की काठच्या विहिरींचे काय होते, ते नदीकाठच्या शेतकऱ्याला विचारावे.

हाल झाले ते पुढे. २०१६ मध्ये केंद्राने लहान खदानींची मंजुरी जिल्हा पातळीवरील प्राधिकरणाकडे दिली. २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्या पद्धतीवर बोट ठेवले आणि फायली राज्य प्राधिकरणाकडे, म्हणजे मुंबईला गेल्या. २०२३ मध्ये जिल्ह्याने पूर्वी दिलेल्या मंजुऱ्यांचीही राज्य पातळीवर फेरतपासणी करून घ्या, असे केंद्राने कळविले. दाखला सरकारी प्राधिकरणानेच दिलेला, आणि तो पुन्हा तपासून घेण्याची पायपीट मात्र पट्टेदाराची! मंजुरीसाठी केंद्राचे 'परिवेश', वाहतूक पासासाठी राज्याचे 'महाखनिज'. सातबारा, नकाशा, मोजणी तीच, दारे दोन.

सर्वांत जास्त मार खातो तो टिप्परवाला. राज्याची रॉयल्टी आणि पास ब्रासवर. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. रस्त्यावर मोटार वाहन कायदा, तो केंद्राचा, आणि तिथे हिशेब टनाचा. एक ब्रास गिट्टी साधारण सव्वाचार ते साडेचार टन भरते. ओली रेती त्याहून जड. पास बरोबर असूनही काट्यावर वजन जास्त निघाले तर वीस हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. उलट मापात माल पासापेक्षा जास्त दिसला, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि गाडी जप्त. गाडी तहसीलच्या आवारात उभी राहिली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

यातली निदान एक गोष्ट दिल्लीला न विचारता होऊ शकते. पास राज्याचा आहे. त्यावर ब्रासबरोबर टनही छापावेत, मालाप्रमाणे ठरवलेल्या तक्त्यावरून, आणि तोच तक्ता परिवहन खात्यानेही मानावा. दुसरी मागणी, पट्ट्याची आणि पर्यावरण मंजुरीची मुदत एकाच दिवशी संपावी. आज पट्टा जिवंत आणि मंजुरी मेलेली असली तरी खदान बंदच.

आपल्याकडचेही सांगितले पाहिजे. एकाच पासावर दोन फेऱ्या मारणारे आपल्यातही आहेत, आणि त्यांच्यामुळे सरळ चालणाऱ्याची गाडीही चार ठिकाणी अडवली जाते. अशांची बाजू घेऊन कोणी निवेदन देऊ नये.

दोन्ही जिल्ह्यांतील क्रशर, टिप्पर व भट्टीवाल्यांनी गेल्या सहा महिन्यांच्या काटापावत्या आणि पास शेजारी लावून एक तक्ता तयार करावा व तो जिल्हाधिकारी आणि परिवहन अधिकारी, दोघांनाही द्यावा. रेती कोरडी होती की ओली, हेही त्यात लिहावे.