घरमालक कुठवर, तारतंत्री कुठून

छताला लावलेल्या ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्टीत तांब्याच्या दोन किंवा अधिक उघड्या पट्ट्या बसवून, दिवा हवा तिथे सरकवता आणि हवा तिकडे वळवता यावा अशी जी योजना ट्रॅक लाइट या नावाने ओळखली जाते, ती लाइटोलियर या अमेरिकी कंपनीने १९६१ मध्ये बाजारात आणली. आपल्याकडे ती बराच काळ कापडाच्या आणि दागिन्यांच्या दुकानांपुरती राहिली आणि एलईडी स्वस्त झाल्यावर घरांत शिरली. आज ही पट्टी, तिचे जोड, टोकाला वीज देणारा ‘लाइव्ह एंड’ आणि चार-सहा दिवे एकाच खोक्यात घरपोच येतात आणि ड्रिल मशीन असलेला घरमालक ते खोके रविवारी स्वतःच उघडून बसतो. या मासिकाचे वाचक बहुसंख्येने परवानाधारक तारतंत्री आणि विद्युत ठेकेदार असल्याने या प्रकाराविषयी त्यांच्यात नाराजी असणे स्वाभाविक आहे. परंतु घरमालकाने हात लावला एवढ्यावरच तक्रार थांबत असेल, तर ती तक्रार चुकीच्या जागी बोट ठेवते.

दिव्याची निगा हे मुळात घरचेच काम होते. कराडजवळच्या ओगलेवाडीत तयार होणारा प्रभाकर कंदील ज्या पिढीने वापरला, तिने वात कापणे, रॉकेल भरणे आणि काच राखेने पुसणे यासाठी कधी कारागिराला बोलावले नाही. कायद्यानेही हा हक्क पुरता काढून घेतलेला नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाने घातलेली आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० व २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांतही कायम राहिलेली मर्यादा अशी की, दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणे यांची अदलाबदल वगळता विद्युत मांडणीतील कोणतेही काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या कामगाराकडूनच करून घ्यावे; आणि ही सूटही अदलाबदलीमुळे मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तेवढीच.

क्षमतेच्या बाबतीत ट्रॅक निरुपद्रवी ठरतो. १२ वॅटचे सहा दिवे मिळून ७२ वॅट होतात, म्हणजे २३० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह. आणि दिव्यांच्या एका उपमंडलावर, म्हणजे एका एमसीबीतून निघणाऱ्या तारांच्या जोडीवर, दहा पॉइंट किंवा ८०० वॅट ही जी मर्यादा आपण पाळतो, तिच्या हा भार जवळपासही जात नाही. हॅलोजनच्या काळात हेच सहा दिवे ३०० वॅट खात होते. खरा प्रश्न आहे तो स्वरूपाचा, आणि तिथे घरमालकाची गफलत होते.

माण-खटावच्या कोरड्या पट्ट्यातील जुन्या घरांत, मग ती माळवदाची असोत वा कौलारू, सागवानी बॅटनवर क्लिपांनी बसवलेले वायरिंग अजूनही आढळते, आणि त्यात दिव्याच्या पॉइंटपर्यंत अर्थिंगची तिसरी तार आणलेलीच नसते. बॅकेलाइटच्या होल्डरला तिची गरज पडत नव्हती, कारण माणसाचा हात लागेल असा त्याचा कोणताही भाग धातूचा नव्हता. त्याच पॉइंटवर दोन मीटर लांबीची धातूची पट्टी चढवली, की हात लागू शकेल असा दोन मीटर लांबीचा वाहक छताला टांगला जातो. बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारा ट्रॅक दोन तारांचा असतो. त्यात फेज आणि न्यूट्रल असतात, अर्थिंगचा संपर्क नसतोच, आणि खोक्यावरील चित्र पाहून काम करणाऱ्याला त्यात काही कमी आहे असे वाटण्याचे कारण नाही. त्यातच जुन्या घरात सर्व तारा एकाच रंगाच्या असल्याने स्विच न्यूट्रलमध्ये बसलेला असू शकतो. तो बंद केला की दिवा विझतो, पण पट्टीतील तांबे जिवंतच राहते.

अर्थिंगची तार ओढून घेतली म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो, हे कोळसा-मीठ भरून त्यावर पाणी घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हा रोध २० ओहम धरला, तर पट्टीला फेज चिकटल्यावर वाहणारा प्रवाह फार तर ११.५ अँपिअर भरतो. ६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी तत्काळ पडण्यासाठी ३० ते ६० अँपिअर लागतात; ११.५ अँपिअरवर तो आतील द्विधातू पट्टी तापण्याची वाट पाहत बसतो, आणि तेवढा वेळ ट्रॅकवर जवळजवळ पूर्ण दाब राहतो. म्हणून तीन तारांचा ट्रॅक आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहातील तफावत ओळखून पुरवठा तोडणारे साधन, या दोन्ही गोष्टी एकत्रच हव्यात. ४८ व्होल्टचे चुंबकी ट्रॅक या बाबतीत बरेच सुरक्षित आहेत, अर्थात त्यांचा ड्रायव्हर मान्यताप्राप्त आणि अलगीकरण असलेला असेल तर. पण त्या ड्रायव्हरपर्यंतची २३० व्होल्टची तार शेवटी तीच जुनी असते.

इथवर दोष घरमालकाच्या अज्ञानाचा झाला. पुढचा आपल्या व्यवसायाचा आहे. तारतंत्र्याने बसवलेले ट्रॅक नियमाने निर्दोष आणि उजेडाने निरुपयोगी असतात, कारण पंख्याचा हूक जिथे, तिथेच मधोमध पट्टी ठोकण्याची सवय हाताला लागलेली असते. उजेड कुठून यावा याचा विचार वायरिंगच्या आधी करायचा असतो, हे शिकायला औंधला जाण्यासारखे आहे. यमाईच्या डोंगराच्या चढावर १९३८ मध्ये सुरू झालेले श्री भवानी संग्रहालय भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभे केले आणि ते स्वतः चित्रकार होते. इमारतीची आखणीच दालनांत नैसर्गिक उजेड कसा खेळेल हे पाहून झालेली आहे. राजा रविवर्मा यांची तैलचित्रे, निरनिराळ्या शैलींतील कागदावरची लघुचित्रे आणि हेन्री मूर यांचे माता-बालक शिल्प ही तीन प्रकारची सामग्री तीन प्रकारच्या उजेडाची मागणी करते: तैलचित्राच्या वॉर्निशवर चकाकी येता कामा नये, कागदाला उजेडच कमी हवा आणि शिल्पाला समोरून नव्हे, तर बाजूने उजेड मिळाला तरच त्याचे उतार-चढाव दिसतात.

घरातल्या भिंतीला हाच हिशेब लागू पडतो आणि तो अवघड नाही. चित्रावर पडणारा किरण उभ्या रेषेशी सुमारे ३० अंशांचा कोन करील अशी पट्टीची जागा धरण्याचा संकेत आहे. त्याहून जवळ आणली तर चौकटीची सावली चित्रावर पडते, फार दूर नेली तर काचेत दिव्याचे प्रतिबिंब दिसते आणि पाहणाऱ्याची स्वतःचीच सावली आड येते. छत दहा फुटांवर आणि चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर असेल, तर उरलेल्या पाच फुटांना ०.५७७ ने गुणावे. पट्टी भिंतीपासून तीन फुटांना किंचित कमी अंतरावर येते. २४ अंशांच्या झोताचा दिवा तिथून सुमारे अडीच फूट रुंदीचा पट्टा उजळतो, ३६ अंशांचा पावणेचार फुटांचा.

प्रखरतेच्या बाबतीत मात्र घरमालक आणि तारतंत्री दोघेही सारखेच बेफिकीर असतात. संग्रहालयांत तैलचित्रांसाठी २०० लक्स आणि कागद, जलरंग व कापड यांसाठी ५० लक्स ही मर्यादा मानतात (लक्स म्हणजे एक चौरस मीटरवर पडणारा एक ल्युमेन उजेड). हजार ल्युमेनचा, २४ अंशांचा एक दिवा वर सांगितलेल्या अंतरावरून भिंतीवर ५०० लक्सच्या पुढे उजेड टाकतो. एलईडीतून अतिनील किरण जवळजवळ येत नाहीत हे खरे, पण रंग उडवायला दृश्य प्रकाशही पुरतो, आणि नुकसान प्रखरता व कालावधी यांच्या गुणाकारावर ठरते. मराठी घरांतील भिंतींवर रविवर्मा छापखान्याचे शिळाछाप लक्ष्मी-सरस्वतीचे चित्र किंवा आजोबांचा हाताने रंगवलेला फोटो असतो, दोन्ही कागदच. तिथे पाच वॅटचा रुंद झोताचा दिवा लावावा आणि तोही पाहुणे आल्यावर.

तेव्हा कामाची विभागणी अशी करणे शहाणपणाचे ठरेल: पट्टीची जागा ठरवणे, ती खडूने आखणे, स्लॅबला रावळप्लग किंवा तुळईला स्क्रू मारून बसवणे आणि दिवे वळवणे घरमालकावर सोडावे, पीओपीच्या छतात मात्र स्क्रू बोर्डात नव्हे, तर वरच्या चॅनेलमध्ये गेला पाहिजे, हे त्याला बजावून सांगावे. लाइव्ह एंडची जोडणी, अर्थिंग, स्विच फेजमध्ये आहे की नाही याची पडताळणी आणि चाचणी ही कामे तारतंत्र्याची, आणि तपासणीची स्वतंत्र मजुरी लावण्यात संकोच नको. डॉक्टर जसा निव्वळ तपासण्याचे पैसे घेतो तसे. आज ही मजुरी बिलात ‘किरकोळ’ म्हणून बुडते, म्हणूनच ती मागितली की गिऱ्हाइकाला ती उगाचची वाटते.

चाचणीचा क्रमही सांगायला हवा, कारण त्यातच नुकसान होते. मेन बंद करून प्रथम सर्व दिवे पट्टीवरून काढावेत. ते तसेच ठेवून ५०० व्होल्टचा मेगर फिरवला तर आतील ड्रायव्हर जळण्याची शक्यता असते आणि नवे दिवे गेल्याचा ठपका तारतंत्र्यावरच येतो. मग फेज व न्यूट्रल एकत्र जोडून त्यांच्या आणि अर्थिंगच्या दरम्यानचा इन्सुलेशन रोध किमान एक मेगओहम भरतो का हे पाहावे, पट्टीच्या दुसऱ्या टोकापासून अर्थिंगची सलगता मोजावी, पुरवठा सुरू करून आरसीसीबीचे चाचणी बटण दाबावे आणि त्यानंतरच दिवे एकेक करून चढवावेत.