संमतीचे पोकळ कवच

मुलांच्या इंटरनेट वापराची चर्चा आपल्याकडे दोन टोकांना अडकते. एक म्हणते बंदी घाला, दुसरे म्हणते पालकांनी पाहावे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. भारताने पालकांवर भिस्त ठेवली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती लागेल. या कायद्याचे नियम जाहीर झाले ऐन बालदिनी, १४ नोव्हेंबर २०२५ रोजी. पण त्यांचे पालन करण्यासाठी कंपन्यांना १८ महिन्यांची सवलत मिळाली.

ही संमती घरात कशी दिली जाईल? असंख्य घरांत फोन एकच, तोही आईच्या किंवा वडिलांच्या नावावर. ओटीपी त्याच फोनवर येणार आणि तो आकडा भरणार मूलच; कारण घरात फोनची सर्वाधिक जाण त्यालाच. कागदोपत्री संमती मिळेल, कंपनीचे हात झटकून होतील आणि उद्या काही विपरीत घडले तर दोष पालकांच्या माथी बसेल.

याच कायद्यातली दुसरी तरतूद अधिक मोलाची आहे. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यावरून त्यांना जाहिराती दाखवणे ती निषिद्ध ठरवते. मुलांविषयीची बंधने मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत आहे. मात्र अनोळखी माणसाने मुलाला थेट संदेश पाठवावा की नाही, यावर हा कायदा बोलत नाही. अल्पवयीनांची खाती मुळातच खासगी असावीत आणि परक्यांचे संदेश बंद असावेत, ही सक्ती सरकारने स्वतंत्रपणे करायला हवी.

कायद्याबाहेरही प्रयत्न होतात. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात. मोठ्यांनीही फोन खाली ठेवायचा, हे या उपक्रमाचे बळ. पण वेळेला शिस्त लागली म्हणून धोका टळत नाही. छायाचित्र मिळवून धमकावणारा एका गोष्टीवर विसंबून असतो: मूल घरी सांगणार नाही. सांगितले तर मार बसेल, फोन जाईल, शाळा सुटेल, ही मुलाची भीती धमकावणाऱ्याच्या पथ्यावर पडते. ‘काहीही झाले तरी आधी आम्हाला सांग, फोन काढून घेणार नाही’ हा शब्द पालकांनी द्यायला आणि पाळायला हवा. १०९८ ही बालमदतवाहिनी आणि सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० हे क्रमांक प्रत्येक वर्गात लावावेत. आणि तक्रार घेऊन आलेल्या मुलीला ‘फोटो पाठवलाच कशाला?’ असे विचारणाऱ्या पोलीस ठाण्यांना गृह विभागाने पहिली समज द्यावी. कायद्याचा धाक धमकावणाऱ्याला वाटायला हवा. आज तो तक्रार करणाऱ्यालाच वाटतो.