चर्चा, समर्थन आणि चिथावणी

विधी महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली आता आपल्या घरांत विरळ राहिलेली नाहीत. मुलीने सनद घ्यावी, करविषयक बाबी सांभाळाव्यात, पेढीचे करारमदार वाचून द्यावेत, ही वडीलधाऱ्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. परंतु तीच मुलगी एखाद्या शनिवारी ‘आज अभ्यासमंडळात नागरी हक्कांवर चर्चा आहे, उशीर होईल’ असे सांगते, तेव्हा घरातले चेहरे गंभीर होतात. ‘बेटा, आपण व्यापारी माणसे, वादाच्या गोष्टींत पडू नये’ हे वाक्य ठरलेलेच. या वाक्यामागील काळजी खरी आहे; पण तिच्यातील गृहीत धरलेली गोष्ट एकदा तपासून पाहायला हवी.

नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई आणि आसपासचा परिसर बंद होता. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदविषयी प्रश्न करणारा मजकूर फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीने तो ‘लाइक’ केला. दोघींनाही अटक झाली. त्यांच्यावर लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ होते. 2008 च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमाखाली ‘त्रास’ किंवा ‘गैरसोय’ होईल अशा संदेशालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. आता गैरसोय कोणाची आणि किती, हे कोणत्या मापाने मोजायचे? थकलेल्या उधारीची आठवण करून देणारा संदेशही घेणाऱ्याला गैरसोयीचाच वाटतो!

या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले ते श्रेया सिंघल या विशीतल्या मुलीने. तिची आई वकील, आणि आजी सुनंदा भंडारे दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती होत्या. 24 मार्च 2015 रोजी निकाल लागला, तेव्हा श्रेया स्वतः विधी शाखेची विद्यार्थिनी होती. न्या. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने कलम 66अ संपूर्णपणे घटनाबाह्य ठरवले.

त्या निकालातील एक भेद आपल्या विषयाच्या मुळाशी जातो. न्यायालयाने बोलण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या : चर्चा, समर्थन आणि चिथावणी. एखाद्या मताची चर्चा करणे किंवा त्याचा हिरिरीने पुरस्कार करणे, मग ते मत कितीही अप्रिय असो, हे अनुच्छेद 19 च्या संरक्षणात येते. बोलणे चिथावणीपर्यंत पोहोचले, तरच अनुच्छेद 19(2) मधील निर्बंधांचा प्रश्न उभा राहतो. म्हणजे अभ्यासमंडळाची ती शनिवारची बैठक पहिल्या पायरीवरची. घरचे घाबरतात ते तिसऱ्या पायरीला.

व्यापाऱ्याला हा अनुच्छेद परका वाटू नये. भाषणस्वातंत्र्य, निःशस्त्रपणे एकत्र जमणे आणि संघटना स्थापन करणे ही स्वातंत्र्ये ज्या यादीत आहेत, त्याच यादीच्या शेवटी कोणताही व्यवसाय, व्यापार वा धंदा करण्याचे स्वातंत्र्य आहे. मधले एक अक्षर मात्र गळालेले दिसेल. तेथे मालमत्तेचा हक्क होता; 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून निघाला. आपल्या दिवाणखान्यांत यावर कधी बोलणे झाले काय? विधी महाविद्यालयात होते.

चर्चा आहे म्हणून ती चांगलीच असेल, असे नव्हे. काही मंडळांत वक्ता, श्रोते आणि टाळ्या, तिन्ही एकाच बाजूच्या असतात. तिला चर्चा म्हणणे जिवावर येते. मुलीला ‘जाऊ नकोस’ म्हणण्याऐवजी ‘विरुद्ध बाजू कोण मांडणार आहे?’ असे विचारावे. मूळ निकाल वाचून आलेले किती, हेही विचारावे. वर्तमानपत्री मथळ्यावर तावातावाने बोलणारे पुष्कळ असतात. ती घरी आली की तिने ऐकलेले आपणही ऐकावे. निदान व्यापारी संघटनेच्या व्हॉट्सअॅप गटाचे जे ‘अॅडमिन’ आहेत, त्यांनी तर जरूर. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू वा पूर्वनियोजन दिसत नसेल तर, केवळ अॅडमिन म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटले आहे. याचा अर्थ मोकळे रान मिळाले असा नाही. धार्मिक भावना हेतुपूर्वक दुखावणे किंवा तेढ वाढवणारा मजकूर पसरवणे हे भारतीय न्याय संहितेत आजही गुन्हेच आहेत.

राहता राहिला प्रश्न, अशा चर्चांनी साधते काय? त्याचे उत्तर 66अ च्या पुढच्या कहाणीत आहे. कलम रद्द झाल्यावरही देशातील अनेक पोलीस ठाण्यांत त्याच्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. पीयूसीएल या संस्थेने हे पुन्हा न्यायालयापुढे मांडले. 2021 मध्ये न्यायालयाने त्यावर धक्का व्यक्त केला, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असे स्पष्ट निर्देश दिले. रद्द झालेले कलम मेले आहे, हे ठाण्यापर्यंत पोहोचायला साडेसात वर्षे लागली. एवढ्या काळात ज्याच्यावर असा गुन्हा नोंदवला गेला, त्याच्या ओळखीत तो निकाल वाचलेला एखादा विद्यार्थी असता, तर ठाण्यातील पहिल्याच दिवशी ‘साहेब, हे कलम 2015 सालीच रद्द झाले आहे’ एवढे तरी कोणी म्हणाले असते.