ऐकू येते, पण कळत नाही

‘आजोबांना हवे तेवढेच ऐकू येते,’ ही घरच्यांची नेहमीची तक्रार. घरात शांतता असली की ते नीट उत्तरे देतात. आठवडी बाजारात, लग्नाच्या मांडवात किंवा चिखलदऱ्याच्या पावसात टिनाच्या छपराखाली मात्र भलतेच बोलतात. हा हट्ट नव्हे. वयाबरोबर येणारा श्रवणदोष आहे.

आंतरकर्णातील केशपेशी वयानुसार झिजतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. बोलण्यातले स्वर ठळक असतात, ते ऐकू येत राहतात. ‘स’, ‘च’, ‘ट’ यांसारखी बारीक व्यंजने निसटतात. ‘पाच’, ‘सात’, ‘आठ’ यांतला ‘आ’ कानापर्यंत पोहोचतो, फरक पोहोचत नाही. शांततेत मेंदू संदर्भाने या जागा भरून काढतो. गोंगाटात तेही जमत नाही. ओरडूनही फायदा नाही. त्याने स्वरच वाढतात आणि अशा कानाला मोठा आवाज बोचतो.

आता सरकारी दवाखान्यातली ओपीडी आठवा. पंख्यांची घरघर, रडणारी मुले, नंबरचा पुकारा आणि खिडकीआडून घाईत सांगितलेले ‘पाच दिवस, जेवणानंतर’. मेळघाटातल्या कोरकू आजीला तर मराठी ही दुसरी भाषा. निसटलेला शब्द अंदाजाने ओळखणे तिला आणखी कठीण. ती मान हलवते, आपण ‘समजले’ असे धरतो. औषधाचा डोस चुकतो तो इथे.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना श्रवणयंत्रासारख्या साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. मदत चांगलीच आहे. पण कान न तपासता घेतलेले यंत्र गोंगाटही वाढवते आणि शेवटी पेटीत पडते. ते तपासणीनुसार जुळवावे लागते, सवय होईपर्यंत पुन्हा पाहावे लागते. म्हणून पैशांसोबत ऑडिओमेट्री आणि जुळवणीची सोय ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयातच मिळायला हवी. त्यासाठी म्हाताऱ्या माणसाला दर वेळी घाट उतरायला लावू नये.

तोवर बिनखर्चाचे उपाय आहेत. टीव्ही बंद करा, समोर बसा, चेहरा दिसू द्या, सावकाश बोला. तेच वाक्य पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा. दवाखान्यात आम्ही औषध समजावल्यावर ते रुग्णाकडून वदवून घ्यावे, शक्य तिथे कोरकूतून. कानात मळ असला तर तो निघतो. मात्र ऐकू येणे अचानक बंद झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे या.