दोष ‘चक्रा’चा कीं भिंतीवरच्या चित्राचा ?

गुन्हेगारीवरील कादंबरी कपाटांत असावी, परंतु तिच्यावरून काढलेला चित्रपट घरांतल्या मुलांनीं पाहूं नये, असा एक विलक्षण न्याय आमच्या सुशिक्षित कुटुंबांत चालत आला आहे. जयवंत दळवी यांची ‘चक्र’ ही कादंबरी १९६३ सालची. तिच्यावरून रवींद्र धर्मराज यांनीं काढलेला त्याच नांवाचा हिंदी चित्रपट १९८१ सालीं आला. कादंबरीला वाङ्मय म्हणावयाचें आणि चित्रपटाला अनीतीचा धडा, ही विसंगति कोणाच्याच लक्षांत येऊं नये काय ?

आक्षेपकांचें म्हणणें असें कीं, पडद्यावर गुन्हा दाखविला म्हणजे तो शिकविला जातो. तर मग ‘चक्रां’त काय शिकविलें आहे तें पाहूं. अम्माचा नवरा सावकाराचा खून करून तिच्यासह मुंबईस पळून येतो, आणि झोंपडीसाठीं पत्रे चोरतांना गोळीला बळी पडतो. तिच्या मुलाला ज्याच्या रुबाबाची भुरळ पडते, तो लुक्का पुढें रोगानें जर्जर होऊन औषधविक्रेत्याच्या जिवावर उठतो. शेवटीं साऱ्या वस्तीवरून बुलडोझर फिरतो. यांतील कोणत्या प्रसंगाचें अनुकरण करण्याचा मोह आमच्या मुलांना होणार ? डोक्यावर छप्पर हवें म्हणून माणूस चोर होतो, हें पाहणें मनाला बोंचतें खरें. पण मन बोंचणें आणि मन बिघडणें या दोन गोष्टी एक नव्हेत.

यावर कोणी म्हणेल, मग त्या जाहिरातीचें काय ? उघड्यावर स्नान करणाऱ्या अम्माचें, म्हणजे स्मिता पाटील यांचें, चित्र भिंतींवर लागलें तें काय नीतीसाठीं ? हा आक्षेप मात्र खरा आहे. चित्रपटांत त्या स्नानाला अर्थ आहे : जिच्या झोंपडीला आडोसा नाहीं, तिला लाजहि परवडत नाहीं. चौकांतल्या भिंतीवर तो अर्थ गळून पडला आणि केवळ शरीर उरलें. पण हा अपराध विकणाऱ्याचा. त्याचा दंड कथेला कां? तें चित्र पाहून नाक मुरडणारा आणि तेंच पाहून तिकीट काढणारा, दोघेहि कथेपासून सारखेच दूर राहिले.

लोकार्नो येथें या चित्रपटाला सुवर्ण बिबट्याचा मान मिळाला, स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हें आम्ही बचावासाठीं पुढें करीत नाहीं. आमचा मुद्दा घरचा आहे. झोंपडपट्टींतल्या गुन्ह्यामागची भूक ज्या मुलाला कधीं दाखविलीच नाहीं, तो त्या वस्तींतल्या प्रत्येक मुलाला जन्मजात चोर समजूनच मोठा होतो.

नाशिककरांना तर हें सांगावें लागूं नये. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं चित्रपटाचा धंदा याच नगरींत वाढविला. ज्या सालीं ‘चक्र’ निघाली, त्याच सालीं जवळच्या विहितगांवच्या बाबूराव बागुलांनीं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहांत तळच्या माणसांचें जिणें वाचकांपुढें उभें केलें. १८४० पासूनचें सार्वजनिक वाचनालयहि येथेंच आहे. लहान मुलांना दूर ठेवा, त्याबद्दल वाद नाहीं. पण कळत्या मुलामुलींनीं आधीं कादंबरी वाचावी, मग आईबापांच्या शेजारीं बसून चित्रपट पाहावा, आणि पत्रे चोरणाऱ्याला गोळी घालणें न्यायाचें होतें काय, यावर घरांत उघड भांडावें. असें भांडण ज्या घरांत होऊंच शकत नाहीं, तेथील वडीलधाऱ्यांनीं मुलांच्या नीतीची काळजी करण्याचा अधिकार कोठून आणला ?