दाराशीं येऊन राहिलेलें माहेर

गेल्या हिंवाळ्यांत आम्ही उभयतां चिरंजिवांकडे अमेरिकेंत, टेक्सास प्रांतांतील डॅलस शहराच्या एका उपनगरांत होतों. नोव्हेंबर महिन्यांतील चौथा गुरुवार हा तिकडील 'थँक्सगिव्हिंग'चा, म्हणजे कृतज्ञतेचा, सण. लिंकन यांनीं १८६३ सालीं, यादवी युद्ध ऐन भरांत असतां, हा दिवस सर्व राष्ट्रानें पाळावा असें जाहीर केलें; आणि १९४१ सालीं कायदा होऊन चौथा गुरुवार कायमचा ठरला. दिवाळीला आपल्याकडे माणसें असतील तेथून घराकडे धांवतात, तसाच हा प्रकार. तेथपासून नाताळापर्यंतचा महिना तिकडे घरीं जाण्यायेण्याचाच समजला जातो. या सणाच्या आधींच्या मंगळवारीं तिसरे प्रहरीं समोरच्या घरापुढें एक भलें मोठें वाहन येऊन थांबलें. आम्हांला वाटलें, एखादी शाळेची बस वाट चुकली. पण तिच्यांतून सत्तरी उलटलेले एक गृहस्थ उतरले आणि चाकांखालीं ठोकळे सारूं लागले; आंतून त्यांच्या पत्नी खिडकीबाहेर हात काढून 'अजून थोडें, अजून थोडें' अशा खुणा करीत होत्या. गाडी सपाटीला आली नाहीं तर गॅसवर चालणारा फ्रीज नीट चालत नाहीं, हें आम्हांला मागाहून कळलें. समोरच्या बाईंचे हे आईवडील. लेकीकडे सणाला आले होते, आणि येतांना आपलें घर घेऊन आले होते.

या वाहनाला मोटारहोम म्हणतात. पुढें चालकाची बैठक, मागें पलंग, मध्यें दोन माणसांपुरतें स्वयंपाकघर, कोनाड्याएवढें न्हाणीघर, आणि पोटांत पाण्याच्या तीन टाक्या: एक स्वच्छ पाण्याची, एक मोरीच्या सांडपाण्याची व एक शौचकूपाची. हें सर्व तीस फुटांत. गृहस्थ शाळेंत विज्ञान शिकवीत असत, बाई इस्पितळांत परिचारिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनीं ओहायो प्रांतांतील राहतें घर विकलें, आणि तेव्हांपासून सहा वर्षें त्यांचा संसार या तीस फुटांतच चालला आहे. थोरला मुलगा कोलोरॅडोंत, मधली ही डॅलसची लेक, धाकटी अजून ओहायोंतच. उन्हाळा उत्तरेस व हिंवाळा दक्षिणेस, असें यांचें उत्तरायण-दक्षिणायन. अशा मंडळींना तिकडे 'स्नोबर्ड', म्हणजे बर्फाला भिऊन उडणारे पक्षी, म्हणतात. नातेवाइकांच्या दारांत बिनभाड्याचा मुक्काम टाकण्याला त्यांनीं आपल्या आपण एक थट्टेचा शब्दहि पाडला आहे: 'मूचडॉकिंग'. 'मूच' म्हणजे फुकट उपटणें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हां उभयतांस गाडींत कॉफीला बोलावणें आलें. आमच्या सौ.चें इंग्रजी बेताचें; पण दोन आज्यांना भाषा किती लागते? त्या बाईंनीं बसल्या जागेवरून, न पाहतां, हात लांबवून साखरेचा डबा काढला. सौ.नीं तें टिपलें. तेवढ्यांत दारावर टकटक झाली, आणि सात वर्षांची नात रात्रीच्याच कपड्यांत, अंगाभोवतीं गोधडी गुंडाळून, थंडींत अंगण ओलांडून आजीकडे आली. आजीनें तिला दूध दिलें, फणी घेतली आणि केस विंचरावयास बसली. "तिच्या घरांत मी पाहुणी असतें," बाई म्हणाल्या, "येथें ती माझ्याकडे येते."

हें ऐकून आम्हीं मनांत या व्यवस्थेला पूर्ण गुण देऊन टाकले होते. घाई झाली.

कारण त्याच दिवशीं दुपारीं लेक आमच्या सूनबाईंकडे आली, आणि चार गोष्टी बोलतां बोलतां तिच्या डोळ्यांत पाणी आलें. तिनें वरच्या मजल्यावरची खोली आईवडिलांसाठीं सजविली होती. नवीं अभ्रे-चादरी घातलीं, वडिलांना वाचावयास दिवा ठेवला, आईच्या गुडघ्यांसाठीं न्हाणीघरांत धरावयाचा दांडा बसविला. दर वर्षीं ती हें करते, आणि दर वर्षीं चादर जशीच्या तशी घडी होऊन कपाटांत जाते. पण खरें दुखणें खोलीचें नव्हतें. ओहायोंतील घर विकलें तेव्हां नाताळच्या झाडावर टांगावयाचीं कांचेचीं खेळणीं, बापानें तिच्या लहानपणीं केलेला लांकडी गोठा आणि आजीच्या हातचा टेबलावरचा रुमाल, हें सर्व एका खोक्यांत भरून तिच्याकडे आलें. कारण तीस फुटांच्या घरांत त्याला जागा नाहीं. तें खोकें आतां तिच्या माळ्यावर असतें. "सण साजरा करावयाला मी आतां कोणाकडे जाऊं? सगळे माझ्याकडे येतात," असें ती म्हणाली. तिच्या भाषेंत माहेर हा शब्द नाहीं, आणि सूनबाईंना तो तिला समजावून सांगतां येईना. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्या मुलीचें माहेर विकलें गेलें होतें. वर्षांतून एकदां तें चाकांवर बसून तिच्या दाराशीं येई, पण त्याच्यांत तिला झोंपावयाला पलंग नव्हता.

गुरुवारचें जेवण तिच्याकडे झालें. शेजारधर्म म्हणून आम्हांलाहि बोलावणें होतें. टर्की पक्षी आमच्या कामाचा नाहीं हें जाणून बाईंनीं रताळीं, मका आणि भोपळ्याची गोड भाकरी अशीं तीन पक्वान्नें आमच्यासाठीं वेगळीं ठेविलीं होतीं. त्या दिवशींचा एक घोटाळा सांगण्यासारखा आहे. गाडीला वीज लागते ती लेकीच्या मोटारखान्यांतील भिंतीवरच्या साध्या खुंटीवरून घेतलेली. असल्या गाडीची भूक तीस अँपिअरची, आणि ती खुंटी पंधराची. सकाळीं आजोबांनीं गाडींत विजेची शेगडी लावली असतां आजीनें मायक्रोवेव्ह सुरू केला, आणि मोटारखान्याचा सर्व प्रवाह तुटला. गाडी लागलीच अंधारली म्हणून तिकडचें तें त्यांना समजलें. परंतु त्याच तारेवर लेकीचा मोठा बर्फपेटारा होता तें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. संध्याकाळीं पेटारा उघडला तेव्हां मुलांसाठीं ठेवलेलें आइस्क्रीम दुधासारखें वाहत होतें. नातवंडांनीं तें वाट्यांनीं प्यालें. जांवई मात्र बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

मुक्काम किती दिवस करावयाचा हें या मंडळींना तोंडानें सांगावें लागत नाहीं, हा आम्हांला त्यांच्या संसारांतील मोठाच सोयीचा भाग वाटला. दोघांनीं बेतानें पाणी वापरलें तरी आठवडा-पंधरवड्यांत तिसरी टाकी भरते. ती रिकामी करण्याची सोय ठराविक ठिकाणींच असते. तेव्हां गाडी हलवावीच लागते. रुसवा नाहीं, फुगवा नाहीं, 'आतां निघूं का' असा प्रश्न नाहीं. टाकी भरली, की पाहुणा उठला. त्यांतून वसाहतीच्या पंचमंडळाचा नियम होता, कीं घरापुढें अशी गाडी तीन रात्रींहून अधिक उभी राहूं नये. शेजाऱ्यांनीं सह्या केलेला एक अर्ज देऊन लेकीनें ती मुदत सणापुरती आठवड्याची करून घेतली होती. आपल्या अंगणांत आपल्या आईबापांस किती रात्री ठेवावें याला पंचांची सही, हें त्या स्वातंत्र्यप्रिय देशांत पाहून आम्हांला मौज वाटली.

असो. परक्यांच्या संसाराचें कौतुक करतांना आपला डोळ्यांआड करणें बरें नव्हे. एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांचें घर हेंच सणाचें घर. लेकीसुना, नातवंडें तेथें येतात आणि माळ्यावरचीं भांडीं वडिलांच्या हुकुमानें खालीं येतात. पण वांटण्या झाल्या कीं कित्येक ठिकाणीं भांड्यांबरोबर आईबापांचीहि वांटणी होते. चार महिने थोरल्याकडे, चार मधल्याकडे, चार धाकट्याकडे. त्याला आपण 'पाळी' म्हणतों, आणि तो शब्द उच्चारतांना आपला आवाज थोडा खालीं येतो. आईची ट्रंक व वडिलांची देवपूजेची पेटी या गांवाहून त्या गांवास जातात. चाकांवर तेहि असतात. मात्र चाकें दुसऱ्याचीं, आणि केव्हां निघावयाचें तें ठरविणारेहि दुसरे. गणपति ज्याच्या पाळींत आला त्याच्याकडे त्यांचा गणपति. आम्ही स्वतः सहा महिन्यांच्या परवान्यावर दोन बॅगा घेऊन गेलों होतों. सूनबाई गुणी आहेत, त्यांनीं कशांत उणें पडूं दिलें नाहीं. तरी साखरेचा डबा कोठें आहे तें सौ.ना पहिला आठवडाभर विचारावें लागलें.

शनिवारीं आजोबा आमच्याशीं गप्पा मारीत बसले. दर सणाला लेकीकडेच येतां काय, असें विचारतां ते म्हणाले, नाहीं. मागचा नाताळ आम्हीं मित्रांत केला. ॲरिझोना प्रांताच्या वाळवंटांत क्वार्टझाइट नांवाचें गांव आहे. कायमची वस्ती अडीच हजारांच्या आसपास. पण हिंवाळ्यांत सरकारी मोकळ्या जमिनीवर मोटारहोमांची एवढी गर्दी लोटते, कीं तें एक शहर होतें. १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत तेथें परवाना काढून राहतां येतें. (या गांवाचें प्रसिद्ध स्मारक कोणाचें म्हणाल, तर १८५६ सालीं अमेरिकन सैन्यासाठीं उंट घेऊन आलेल्या हाजी अली नांवाच्या उंटवाल्याचें. थडग्यावर दगडी निमुळता मनोरा व त्याच्या टोंकावर धातूचा उंट आहे. फिरस्त्यांनीं आपलें दैवत नीट निवडलें.) नाताळच्या दिवशीं तेथें आपापल्या घरचा एकेक पदार्थ आणून लांब मांडलेल्या टेबलांवर ठेवतात आणि खुर्च्यांचें वर्तुळ करून जेवतात. कोणाची मुलें दूर, कोणाचीं बोलत नाहींत, कोणाला नाहींतच. आजोबांचे एक शेजारी दर वर्षीं दोन ताटें वाढून घेत. पत्नी वारून चार वर्षें झालीं होतीं. कोणी त्यांना हटकीत नसे.

सर्वांचाच फिरता संसार हौसेचा नसतो, हेंहि त्यांनींच सांगितलें. २००८ सालापासून बरींच वर्षें ॲमेझॉन कंपनी नाताळपूर्व गर्दीच्या दिवसांत अशा गाडींत राहणाऱ्यांना गोदामांत कामास घेत असे. त्यांत पुष्कळ म्हातारीं माणसें असत. जेसिका ब्रूडर या लेखिकेनें २०१७ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यांचें वर्णन केलें आहे. निवृत्तीवेतन पुरेना, घर राहिलें नाहीं, म्हणून साठी-सत्तरीचे स्त्रीपुरुष दहा दहा तास उभें राहून दुसऱ्यांच्या नातवंडांच्या भेटी खोक्यांत भरीत. आजोबांच्या ओळखीचें एक जोडपें दोन हंगाम तें काम करून आलें होतें.

धाकट्या मुलीकडे, ओहायोला, नाताळांत कां जात नाहीं, असें सौ.नीं मध्येंच विचारलें. आजोबा हंसले, पण आजी हंसल्या नाहींत. थंडी गोठणबिंदूखालीं गेली म्हणजे गाडीच्या पोटांतील नळ गोठतात व फुटतात, हें आजोबांनीं शास्त्रशुद्ध रीतीनें समजाविलें. म्हणून धाकटीचा नाताळ जुलै महिन्यांत होतो. तिचीं मुलें ऐन उन्हांत दारांत दिवे लावतात आणि आजीआजोबांना गाणीं म्हणून दाखवितात. "मुलांना त्याची गंमत वाटते," आजी म्हणाल्या, आणि टेबल पुसूं लागल्या.

मग त्यांनीं आपण होऊन पुढची गोष्ट काढली. आजोबांना रात्रीं समोरच्या दिव्यांचा त्रास होऊं लागला होता. अंधार पडल्यावर ते गाडी चालवीत नसत. टेक्सासमध्येंच लिव्हिंग्स्टन म्हणून गांव आहे. तेथें 'एस्केपीज' या फिरस्त्यांच्या मंडळाचें ठाणें आहे. १९७८ सालीं स्थापन झालेलें हें मंडळ हजारों बेघर घरवाल्यांना पत्ता देतें, त्यांचा टपाल पुढें पाठवितें. कारण माणसानें घर सोडलें तरी कायदा पत्ता सोडीत नाहीं. त्याच आवारांत, ज्यांच्यानें प्रवास होईनासा झाला अशा सभासदांसाठीं एक जागा आहे. गाडी शेवटची म्हणून तेथें उभी करावयाची, आणि आपल्याच पलंगावर आपण राहावयाचें. जेवण मिळतें, डॉक्टरकडे नेणारें माणूस मिळतें. आजोबांनीं तेथील माहितीपत्रकें आणून ठेविलीं होतीं. लेकीला अजून सांगितलें नव्हतें.

परंतु घर तीस फुटांचें असलें म्हणजे कागद लपत नाहींत. रविवारीं नात तें रंगीत पत्रक चित्रें पाहावयास म्हणून आईकडे घेऊन गेली. त्या रात्रीं समोरचे दिवे उशिरापर्यंत जळत होते.

सोमवारीं सकाळीं टाकी भरली. गाडी मागें घेतांना या खेपेस खुणा करावयास लेक रस्त्यावर उभी होती. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावरहि तिचे हात वरच होते. मग ती सूनबाईंकडे आली आणि टेक्सासांतील वसाहतींच्या नियमांचें पुस्तक कोठें मिळेल तें विचारूं लागली. घराच्या बाजूला तिची बारा फूट रुंदीची पट्टी रिकामी आहे. तेथें फरसबंदी करून, तीस अँपिअरची वीज व मोरीची जोड घेऊन, एक मोटारहोम कायम उभें करूं द्यावें, असा अर्ज तिनें डिसेंबरांत पंचमंडळाकडे केला. सह्यांत आमच्या चिरंजिवांचीहि सही आहे. 'वाहन कोणाचें' या रकान्यांत तिनें प्रथम आईवडिलांचें नांव लिहिलें होतें, तें खोडून 'आमचें' असें लिहिलें. आम्ही मार्चमध्यें परत निघालों, तोंवर पंचांचें उत्तर आलेलें नव्हतें.